दर्वीधारकाचे सर्व हक्क राखीव

बौद्धिक संपदा या विषयातलं मला सगळं समजतं, असं मी गेल्या महिन्यापर्यंत चारचौघांत छातीठोकपणे सांगायचो. हल्ली तो विषय निघाला की मी पाणी प्यायला उठतो.

सांगायला आधार होता हो! नोंदणी कार्यालयाच्या तीन नंबरच्या खिडकीमागे मी एकवीस वर्षं बसतोय. लोक कागद आणतात, मी मूळ प्रत आणि नक्कल ताडून बघतो आणि नकलेवर ‘सत्यप्रत’ असा शिक्का हाणतो. दुसऱ्यांची नावं वाचून वाचून माझ्या चष्म्याचा नंबर वाढला. माझं स्वतःचं नाव मात्र विजेच्या बिलाखेरीज कुठे छापून आलं नाही. ही गोष्ट मला सलत होती, हे आधीच कबूल करून टाकतो. म्हणजे पुढचा मूर्खपणा समजायला तुम्हाला सोपं जाईल.

तर झालं असं. माझ्या बायकोचं आणि डावाचं हाडवैर. पातेल्याच्या काठाला टेकवून ठेवलेला डाव दोन मिनिटांत घसरतो आणि दांड्यासकट आत जातो. तुमच्याकडेही जात असेल. मग तो चिमट्यानं बाहेर काढा, दांडा पुसा, बोटं भाजून घ्या. एका रविवारी तिसऱ्यांदा बोट भाजल्यावर तिनं लाँड्रीतून आलेला तारेचा हँगर घेतला, पक्कड घेतली आणि उभ्या उभ्या त्या तारेची एक आकडी केली. तिला तीन बाक होते. पहिला पातेल्याच्या काठावर बसायचा, दुसरा काठाखाली अडकायचा, आणि तिसरा नेमकं काय करायचा ते मला आजही नीट सांगता येणार नाही. पण डाव त्यात ठेवला की जागचा हलायचा नाही. उलट डाव जितका जड, तितकी ती आकडी काठाला घट्ट धरून बसायची.

बायकोनं डाव अडकवला, हात पुसले आणि ती वर्तमानपत्र उघडून बसली. आपण शोध लावला आहे हे तिच्या गावीही नव्हतं. माझ्या मात्र लगेच लक्षात आलं! आणि आपल्या लक्षात आलं म्हणजे शोध आपलाच, असा एक सोयीस्कर समज मी तिथल्या तिथे करून घेतला.

मंगळवारी माझ्या खिडकीवर भांडी बनवणाऱ्या एका कंपनीचे साहेब कसलीशी सत्यप्रत घ्यायला आले. शिक्का मारता मारता मी सहज म्हणालो, की पातेल्यात कधीही न बुडणारा डाव बघायचाय का? तारेबद्दल चकार शब्द काढला नाही, इतकी अक्कल होती. साहेब मागे लागलेली रांग विसरून खिडकीवर कोपर टेकून उभे राहिले. म्हणाले, महिनाअखेरीच्या शनिवारी अकरा वाजता येतो, वस्तू खरंच चालत असेल तर आम्ही तिचं लायसन्स घेऊ. वस्तू विकत घेत नाही, ती बनवायचा परवाना घेतो. मालकी तुमचीच राहते, आणि प्रत्येक डब्यावर शोधकर्त्याचं नाव छापतो.

डब्यावर नाव! त्यानंतरचे चार शिक्के मी उलटे मारले.

घरी येऊन मी बायकोला लायसन्स म्हणजे काय ते समजावलं. “अगं, घर आपलंच असतं, फक्त भाड्यानं द्यायचं. तसं.”

“आणि घर कुणाचं?” तिनं विचारलं.

“म्हणजे?”

“काही नाही. भाजी निवडते मी.”

तेव्हाच मला काही समजायला हवं होतं. पण मी वस्तूला नाव शोधण्यात गुंतलो होतो. आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त हेडमास्तर राहतात. त्यांनी डावाला संस्कृतात दर्वी म्हणतात असं सांगितलं आणि ‘दर्वीधारक’ हे नाव पक्कं झालं. बायको मात्र शेवटपर्यंत त्याला ‘ती तार’च म्हणत राहिली.

आता मुख्य प्रश्न गुप्ततेचा. मी ग्रंथालयातून या विषयावरचं एक जाडजूड पुस्तक आणलं आणि पहिली चाळीस पानं वाचली. अर्ज करण्याआधी शोध जगजाहीर झाला तर त्यातलं नावीन्य जातं आणि मग हक्क मिळत नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं.  आमच्या स्वयंपाकघरात कोण कोण येऊन जातं! मी ऑफिसातल्या जुन्या फायलींतून गुप्तता कराराचा एक नमुना शोधून काढला. तो मुळात रसायनाच्या कारखान्यासाठी केलेला होता. मी त्यातलं ‘रसायन’ खोडून सगळीकडे ‘दर्वीधारक’ घातलं आणि पन्नास प्रती काढल्या.

त्या दिवसापासून सही केल्याशिवाय आमच्या स्वयंपाकघरात कुणाला पाऊल टाकता येईना. बाहेरच्यांपैकी एकट्या हेडमास्तरांनीच रविवारी सहज डोकावून तार बघितली होती, म्हणून त्यांची सही सगळ्यात आधी घेतली. त्यांनी करार लाल पेनानं तपासून सात चुका काढल्या आणि मग सही केली. गॅसवाल्यानं साफ नकार दिला. तो शेगडी दुरुस्त करत होता तेवढा वेळ मी पातेल्यासमोर चादर धरून उभा होतो. सासूबाई आठ दिवस राहायला आल्या, त्यांची सही मी दारातच घेतली, हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवू दिली नाही. त्यांनी उंबऱ्यात उभ्या उभ्या सगळी कलमं वाचली आणि मुलीकडे एकदा बघितलं. दोनच दिवसांनी दूध उतू गेलं, तर सासूबाई पिशवी घेऊन तडक जिन्यात जाऊन उभ्या राहिल्या. विचारलं तर म्हणाल्या, कलम सात, गळती झाल्यास सही करणाऱ्यानं जागा तात्काळ सोडावी. ते कलम कारखान्याचं होतं. खोडायचं राहिलं होतं.

दोन आठवड्यांत एकवीस सह्या झाल्या. मग पुस्तकात पुढे वाचलं, की गुपितं बहुतेक वेळा घरातूनच फुटतात. त्यामुळे बाविसावी सही मी बायकोची घेतली.

“मीसुद्धा?” ती म्हणाली.

“नियम म्हणजे नियम.”

तिनं माझ्याकडे बघितलं, मग कागदाकडे बघितलं आणि सही केली. पेनाचं टोपण नीट लावून पेन मला परत दिलं.

त्याच दिवशी मी दुसरंही एक काम उरकलं. ऑफिसात आमच्या हेडक्लार्कनं एकदा सांगितलं होतं, की आपला शोध पाकिटात घालून रजिस्टर पोस्टानं स्वतःलाच पाठवायचा. पाकीट उघडायचं नाही. त्यावरचा तारखेचा शिक्का म्हणजे कोर्टातसुद्धा चालणारा पुरावा! शिक्क्यांवर माझा भारी विश्वास. मी पातेल्यावरची ती तार काढली, जाड पाकिटात घातली, पाकीट लाखेनं पाच ठिकाणी सील केलं आणि प्रेषक मी, घेणारा मी, असं लिहून पाठवून दिलं. दोन दिवसांनी पोस्टमननं पाकीट आणून दिलं, तेव्हा मी त्याच्यासमोर सही करून स्वतःकडून ते स्वीकारलं आणि कपाटात कुलपात ठेवलं.

तार पोस्टात टाकली त्याच संध्याकाळी जेवायला बसलो, तर स्वयंपाकघरातून ‘डुबुक’ असा आवाज आला. डाव पातेल्यात गेला होता.

“अगं, दुसरी तार वाकव की,” मी म्हणालो.

बायको उठली. चिमटा घेतला, डाव काढला, दांडा पुसला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. हेडमास्तरांकडून मला नंतर कळलं, की ती करार घेऊन त्यांच्याकडे गेली होती आणि त्यांनी तिला कलम चार सोप्या भाषेत समजावून सांगितलं होतं. शोधकर्त्याच्या लेखी परवानगीशिवाय सही करणाऱ्यानं सदर दर्वीधारक बनवू नये, वापरू नये, दाखवू नये, त्याचं वर्णन करू नये, किंवा हातवाऱ्यांनीही सूचित करू नये. हातवाऱ्यांचं मी माझ्या मनानं घातलं होतं. मला फार आवडलं होतं ते.

मी म्हटलं, नाही तर नाही. तीन बाकांची तर गोष्ट! मीच करतो.

घरातले सगळे हँगर मी बाहेर काढले. पहिल्या तारेनं डावासकट पातेल्यात उडी घेतली. दुसरी काठावर बसली, पण डाव अडकवल्यावर गोल फिरली आणि डाव माझ्याकडे तोंड करून उभा राहिला. पाचवीनं डाव भिंतीवर उडवला. आठवीपर्यंत माझे शर्ट खुर्च्यांवर आले, अकरावीपर्यंत जमिनीवर. एकवीस वर्षं नकला तपासणाऱ्या माणसाला एक नक्कल जमेना! मूळ वस्तू कपाटात दहा पावलांवर होती, पण सील तोडलं की पुरावा गेला. पाकीट उजेडात धरून आतली तार दिसते का तेही बघितलं. मी फार चांगलं जाड पाकीट घेतलं होतं.

शुक्रवारी मी बायकोला जरा गोडीगुलाबीनं विचारून बघितलं. तिसरा बाक आत की बाहेर, एवढंच सांग.

“कलम चार,” ती म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली. कपडे ती खुर्च्यांवर वाळत घालत होती, कारण हँगर उरले नव्हते.

शनिवारी बरोबर अकराला कंपनीचे साहेब आले. पांढराशुभ्र शर्ट घालून आले होते. सोबत कंपनीच्या वकीलबाई होत्या, चष्मा डोक्यावर आणि हातात निळी फाइल. साक्षीदार असावेत म्हणून मी हेडमास्तरांनाही बोलावलं होतं. वकीलबाईंनी स्वयंपाकघराच्या दारातच करार वाचला, “हे स्फोट झाल्यास काय करायचं ते इथे का आहे?” असं मला विचारलं आणि हसू दाबत सही केली. साहेबांनीही केली. एकूण चोवीस!

मी मोठ्या पातेल्यात टोमॅटोचं सूप उकळत ठेवलं होतं. माझ्या चौदा तारांपैकी त्यातल्या त्यात शांत स्वभावाची एक निवडून मी काठावर बसवली. शोध कसा सुचला यावर छोटंसं भाषण केलं. भाषणात ‘मी’ किती वेळा आला ते हेडमास्तरांनी मोजलं, सतरा वेळा. बायको ओट्याच्या कोपऱ्याशी हाताची घडी घालून उभी होती. मी डाव सुपात बुडवून काढला आणि ऐटीत तारेवर ठेवला.

एक क्षण तो राहिला. खरंच राहिला! मी साहेबांकडे वळून हसलो आणि तेवढ्यात तार निसटली, डाव दांड्यासकट उलटा झाला आणि त्यातलं सगळं सूप साहेबांच्या शर्टावर गेलं. गळ्यापासून खिशापर्यंत.

साहेब सज्जन होते. म्हणाले, “पातेल्यात बुडला नाही, हे मात्र खरं.”

 हेडमास्तर ओला फडका आणायला धावले. मी बायकोकडे बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणालो, अगं दाखव ना यांना, तुला येतं. ती आत गेली, तिच्या सहीचा करार घेऊन आली आणि माझ्यासमोर धरला. मी घाईघाईत करारामागेच लिहायला घेतलं, की मी, शोधकर्ता, या बाईंना तार वाकवायची लेखी परवानगी देत आहे.

“एक मिनिट,” वकीलबाईंनी चष्मा डोक्यावरून नाकावर आणला. “ही पहिली तार कुणी वाकवली?”

“घरातच वाकवली,” मी म्हणालो.

“घरात कुणी?”

मी शिक्क्याचं पॅड शोधतोय असं करून खिसे चाचपले. वकीलबाई थांबल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, की कल्पना ज्याच्या डोक्यातून आली तो शोधकर्ता. ती कुणाच्या लक्षात आली, कुणी नाव ठेवलं, कुणी पन्नास करार छापले, यानं काही होत नाही. अर्जावर खोटं नाव घातलं तर हक्क टिकत नाही, आणि टिकणार नाही असा हक्क कंपनी परवान्यावर घेत नाही. “परवानगी द्यायचा अधिकारही शोधकर्त्याचाच. तुम्ही नसाल, तर तुमचा हा कागद रद्दी आहे.”

हेडमास्तर फडका हातात धरून उभे होते. साहेब शर्ट पुसायचे थांबले. मला डब्यावरचं माझं नाव दिसत होतं. महिनाभर रोज दिसलं होतं, निळ्या अक्षरांत. ते सोडवत नव्हतं, खोटं कशाला सांगू? मग मी बायकोकडे बघितलं. तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर या आठ दिवसांत भाजल्याचे नवे डाग होते. तिला तार वाकवायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी घेतलेल्या सहीपायी तिनं ती वाकवली नव्हती. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

“हिनं वाकवली,” मी म्हणालो. “सगळं हिचंच आहे. मी फक्त बघितलं.”

बायकोनं माझ्या हातातला करार काढून घेतला. मग म्हणाली, “तुम्ही नुसतं विचारलं असतं ना, तर मी दोघांचं नाव घाला म्हणाले असते.”

“मग आता घालू या का?” मी आशेनं विचारलं.

“आता वकीलबाईंनी सांगितलंय ना. खोटं नाव चालत नाही.”

मग तिनं खुर्ची ओढली, माझंच पेन घेतलं आणि करारामागे, माझं वाक्य खोडून, स्वतःच स्वतःला तार वाकवायची लेखी परवानगी दिली. हेडमास्तर म्हणाले, “वहिनी, आता याची काही गरज नाही.” ती म्हणाली, नियम म्हणजे नियम. मी खाली बघितलं.

मग तिनं माझी पंधरावी, न वाकवलेली तार घेतली. एक, दोन, आणि तिसरा बाक पक्कड उलटी धरून. इतक्या झटक्यात केला की मी समोर असून मला दिसला नाही. तार काठावर बसवली, डाव अडकवला आणि ती बाजूला झाली. साहेबांनी पातेलं हलवून बघितलं, ओटा ठोकून बघितला, शेवटी डावाला एक वजनदार चमचा बांधून बघितला. डाव जागचा हलला नाही. वकीलबाईंनी निळी फाइल उघडली.

माझं रजिस्टर पाकीट मी मोठ्या आशेनं त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी पाचही लाखेची सीलं कौतुकानं बघितली आणि सांगितलं, की याचा हक्काशी काही संबंध नाही, तार काढून खुशाल वापरा. पण करारांचा गठ्ठा बघून त्या थांबल्या. एकूण एक सही तपासली. ज्यांनी तार बघितली त्या सगळ्यांची सही होती, आणि ज्या एकानं केली नव्हती त्यानं चादर बघितली होती. “नावीन्य शाबूत आहे,” त्या म्हणाल्या. “हे काम मात्र चोख केलंत.” कलम सातसकट! बायकोनं तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे बघून मान हलवली. त्या मान हलवण्यावर मी तो दिवस काढला.

अर्ज झाला, परवान्याचा करार झाला. शोधकर्ता म्हणून बायकोचं नाव. डब्यावर नाव द्यायचं की नाही यावर तिनं दोन दिवस विचार केला आणि म्हणाली, द्या, पण बारीक अक्षरांत. ‘दर्वीधारक’ कंपनीला उच्चारता येईना म्हणून ते गेलं. माझं नाव करारावर आहे. सगळ्यात खाली, साक्षीदार क्रमांक दोन. क्रमांक एक हेडमास्तर.

घरात तार वापरायला मला बायकोनं वेगळा परवाना लिहून दिलाय. माझ्याच उरलेल्या करारांतल्या एका कागदामागे. तो फक्त माझ्यापुरता आहे, दुसऱ्या कुणाला देता येणार नाही, आणि मालकाच्या मर्जीनुसार कधीही रद्द होऊ शकतो. हेडमास्तरांनी तो लाल पेनानं तपासला. एकही चूक निघाली नाही.

गेल्या रविवारी बायको माहेरी गेली होती आणि सूप मी करत होतो. तिची तार धुवायच्या भांड्यांत होती. आता एवढ्या दिवसांनी तरी जमेल म्हणून मी गुपचूप एक हँगर घेतला आणि घरच्या घरी तीन बाक दिले. मग एकदम आठवलं. परवाना वापरायचा होता, बनवायचा नव्हता! पुस्तकाच्या एकेचाळिसाव्या पानावर याला उल्लंघन म्हणतात. मी लगबगीनं वकीलबाईंना फोन लावला आणि माझ्यावर दावा होऊ शकतो का ते विचारलं.

त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “तुम्ही केलेल्या तारेवर डाव राहतो का?” त्यांनी विचारलं.

मी स्वयंपाकघरात डोकावलो. ‘डुबुक’ झालं.

“नाही,” मी म्हणालो.

“मग निश्चिंत राहा,” त्या म्हणाल्या. “तुमच्याकडून उल्लंघन होणं शक्य नाही.”